डेट्रॉइटचे बेल आइल बेट : सार्वजनिक जागेचे अर्थकारण

नागरी विकासाचा विचार करताना पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते व घरबांधणी या सेवांचा उल्लेख प्रथम होतो आणि ते स्वाभाविकही आहे. उद्याने, मैदाने, नदीकाठ व जलाशयातील बेटे ही या यादीच्या अखेरीस येतात. पालिकेच्या अंदाजपत्रकात काटछाट करण्याची वेळ आली की पहिली कात्रीही त्यांच्यावरच चालते. विरंगुळ्याची जागा ही चैन आहे की मूलभूत नागरी सेवा, तिचा खर्च कोणी सोसावा आणि पालिकेजवळ पैसाच उरला नाही तर अशा जागेचे काय करावे, हे प्रश्न वरकरणी किरकोळ वाटले तरी सार्वजनिक वित्तव्यवहाराच्या मुळाशी जाणारे आहेत. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरालगतच्या 'बेल आइल' या बेटाच्या बाबतीत हे सर्व प्रश्न एकाच वेळी उभे राहिले. त्यामुळे सार्वजनिक वस्तू, स्थानिक वित्त आणि विकेंद्रीकरण या संकल्पना समजून घेण्यासाठी या बेटाचा इतिहास उपयुक्त ठरतो.

बेटाची पार्श्वभूमी

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या डेट्रॉइट नदीच्या पात्रात, शहराच्या मध्यवर्ती भागापासून अवघ्या काही किलोमीटरवर हे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ ९८२ एकर, म्हणजे सुमारे ३९७ हेक्टर आहे. न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध सेंट्रल पार्कचे क्षेत्रफळ ८४३ एकर आहे, हे लक्षात घेतले तर बेटाच्या विस्ताराची कल्पना येते. डेट्रॉइट शहराने १८७९ मध्ये दोन लाख डॉलर देऊन हे बेट विकत घेतले आणि उद्यान म्हणून त्याची आखणी करण्याचे काम सेंट्रल पार्कचे एक शिल्पकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्याकडे सोपविले. बेटावरील मत्स्यालय व वनस्पतिगृह १९०४ मध्ये खुले झाले. जुना पूल १९१५ मध्ये आगीत नष्ट झाल्यानंतर १९२३ मध्ये सध्याचा पूल वाहतुकीस खुला झाला, तर १९२५ मध्ये संगमरवरी कारंजे पूर्ण झाले.

मोटार उद्योगाच्या भरभराटीचा हा काळ होता. कारखान्यांत राबणाऱ्या लाखो कामगारांना नदीकाठची मोकळी हवा, सावली व पोहण्याची सोय विनामूल्य मिळावी, हा बेटाच्या खरेदीमागील हेतू मोठ्या प्रमाणात सफल झाला. अर्थात सार्वजनिक जागा ही समाजातील तणावांपासून अलिप्त राहू शकत नाही. २० जून १९४३ रोजी, एका उकाड्याच्या रविवारी, बेटावरील गर्दीत सुरू झालेल्या हाणामाऱ्यांचे रूपांतर शहरव्यापी वांशिक दंगलीत झाले. तीत ३४ जण मृत्युमुखी पडले, त्यांपैकी २५ कृष्णवर्णीय होते. दंगल शमविण्यासाठी केंद्रीय सैन्य पाचारण करावे लागले. बेटावर कोणाचा अधिकार आहे, हा प्रश्न डेट्रॉइटवासीयांच्या मनात किती खोलवर रुजलेला आहे, हे समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

उद्यान ही कोणत्या प्रकारची वस्तू?

अर्थशास्त्रात वस्तूंचे वर्गीकरण दोन कसोट्यांवर केले जाते. पहिली कसोटी अशी की, एका व्यक्तीने वस्तूचा उपभोग घेतल्यास दुसऱ्याच्या वाट्याला ती कमी येते काय? दुसरी कसोटी अशी की, मोबदला न देणाऱ्यास उपभोगापासून दूर ठेवता येते काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर ती शुद्ध सार्वजनिक वस्तू होय. संरक्षण किंवा दीपगृहाचा प्रकाश ही तिची नेहमीची उदाहरणे आहेत. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये या संकल्पनेची काटेकोर मांडणी केली. मोबदला न देताही लाभ मिळत असल्याने अशा वस्तूसाठी कोणीही स्वतःहून पैसे देत नाही. बाजारयंत्रणेकडून तिचा पुरेसा पुरवठा होत नाही आणि म्हणूनच तो करातून करावा लागतो.

बेटावरील उद्यान या व्याख्येत पूर्णपणे बसत नाही. तेथे पोहोचण्यासाठी एकच पूल आहे, म्हणून पुलाच्या तोंडाशी नाका उभारला की शुल्क न देणाऱ्यास सहज रोखता येते. शहराच्या मध्यभागी चहूबाजूंनी खुल्या असलेल्या उद्यानाच्या बाबतीत हे सोपे नसते. तसेच इतर दिवशी एका पर्यटकाच्या येण्याने दुसऱ्याचे काही बिघडत नसले, तरी सुट्टीच्या दिवशी पुलावर वाहनांची रांग लागते, वाहनतळ भरून जातात आणि प्रत्येक नवागताची झळ इतरांना बसते. अशा वस्तूला गर्दीने बाधित होणारी सार्वजनिक वस्तू म्हणता येईल. जेम्स बुकॅनन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'क्लब वस्तू'च्या सिद्धांताशी ती जवळची आहे.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. शुल्क आकारता येणे आणि शुल्क आकारणे योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. गर्दी नसताना आणखी एका व्यक्तीच्या प्रवेशाने उद्यानाचा खर्च जवळजवळ वाढत नाही, म्हणजेच सीमान्त खर्च शून्याच्या आसपास असतो. अशा वेळी शुल्क लावून कोणाला परत पाठविले, तर त्याचा आनंद बुडतो, पण समाजाचा खर्च मात्र वाचत नाही. कार्यक्षमतेच्या दृष्टीने हे नुकसानच होय. शिवाय उद्यानाचे काही लाभ प्रवेशद्वारापाशी मोजताच येत नाहीत. शहराचे तापमान, पुराचे पाणी मुरणे, पक्ष्यांचा अधिवास व आसपासच्या घरांच्या किमती यांवर होणारे परिणाम तेथे न गेलेल्यांपर्यंतही पोहोचतात. यांना बाह्य परिणाम असे म्हणतात.

शहराची आर्थिक घसरण

डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये १८.५ लाख होती. कारखाने शहराबाहेर गेले, त्यांच्यापाठोपाठ मध्यमवर्गही उपनगरांत स्थलांतरित झाला आणि २०१० च्या जनगणनेत ही संख्या ७.१४ लाखांवर आली. चार्ल्स टीबू यांनी १९५६ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, नागरिक कर आणि सेवा यांची तुलना करून आपल्या पसंतीचे गाव निवडतात, म्हणजे जणू पायांनी मतदान करतात. डेट्रॉइटमध्ये या सिद्धांताची दुसरी, कटू बाजू दिसून आली. ज्यांना जाणे परवडत होते ते गेले. मागे राहिलेल्यांवर तेवढ्याच रस्त्यांचा, जलवाहिन्यांचा, निवृत्तिवेतनांचा आणि उद्यानांचा भार पडला. करदाते घटले, म्हणून सेवा खालावल्या आणि सेवा खालावल्या, म्हणून आणखी करदाते निघून गेले.

बेल आइलवर या दुष्टचक्राचा परिणाम स्पष्टपणे दिसू लागला. देशातील अखंड सुरू असलेले सर्वांत जुने मत्स्यालय असा लौकिक असलेली संस्था शहराने २००५ मध्ये खर्च झेपत नसल्यामुळे बंद केली. पुढे २०१२ मध्ये ती स्वयंसेवकांच्या बळावर पुन्हा सुरू झाली. दरम्यान बेटावरील स्वच्छतागृहे, इमारती व रस्ते दुरुस्तीअभावी जीर्ण झाले. मालमत्ता शहराची, देखभाल शहराची, परंतु उपभोग घेणाऱ्यांत मोठा वाटा उपनगरांतील रहिवाशांचा, अशी स्थिती होती. लाभाचे क्षेत्र आणि कराचे क्षेत्र यांत अशी तफावत पडली की ती सेवा अपुरी राहते, हा वित्तीय संघराज्याच्या सिद्धांतातील एक मूलभूत निष्कर्ष आहे. वॉलेस ओट्स यांनी १९७२ मध्ये तो सविस्तर मांडला. स्थानिक पसंती स्थानिक शासनाला अधिक चांगली कळते, म्हणून सेवा स्थानिक पातळीवर असाव्यात, मात्र ज्या सेवेचे लाभ सीमेपलीकडे सांडतात, तिच्या खर्चात वरच्या पातळीवरील शासनाने वाटा उचलावा, असा त्याचा आशय आहे.

विक्री, बंद की भाडेपट्टा?

मार्च २०१३ मध्ये मिशिगन राज्य शासनाने डेट्रॉइटवर आणीबाणी व्यवस्थापक म्हणून केव्हिन ऑर यांची नियुक्ती केली. १८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. सुमारे १८ अब्ज डॉलरच्या दायित्वामुळे ती अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठी नागरी दिवाळखोरी ठरली. देणेकऱ्यांची नजर साहजिकच शहराच्या मालमत्तांकडे वळली. त्याच वर्षी एका विकासकाने बेल आइल एक अब्ज डॉलरला विकत घेऊन तेथे धनिकांसाठी जवळजवळ स्वतंत्र वसाहत उभारण्याची कल्पना मांडली.

एक अब्ज डॉलर ही रक्कम संकटग्रस्त शहराला मोहात पाडणारी होती. तरीही सार्वजनिक मालमत्तेच्या विक्रीचे मूल्यमापन करताना तीन मुद्दे तपासावे लागतात. पहिला असा की, विक्रीची रक्कम एकदाच मिळते, पण उद्यानाचा लाभ हा वर्षानुवर्षे वाहणारा प्रवाह असतो. विनामूल्य असल्यामुळे हा प्रवाह कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, याचा अर्थ तो शून्य असतो असा नव्हे. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये सुचविलेल्या 'प्रवासखर्च पद्धती'नुसार, लोक उद्यानात पोहोचण्यासाठी जो पैसा व वेळ खर्च करतात त्यावरून या लाभाचा अंदाज बांधता येतो. दुसरा मुद्दा असा की, विक्रीचा निर्णय फिरविता येत नाही. एकदा इमारती उभ्या राहिल्या की शहराच्या मध्यवर्ती भागानजीक असे दुसरे बेट कोणत्याही किमतीला मिळणार नाही. तिसरा मुद्दा वाटपाचा आहे. ज्याच्याकडे स्वतःचे अंगण किंवा सुट्टीतील घर नाही, त्याच्यासाठी सार्वजनिक उद्यान हीच मालमत्ता असते. ती विकली गेली तर तोटा सर्वांत जास्त त्यालाच होतो.

विक्रीची कल्पना प्रत्यक्षात आली नाही. राज्य शासनाने भाडेपट्ट्याचा पर्याय पुढे केला. जानेवारी २०१३ मध्ये नगर परिषदेने असा प्रस्ताव मतदानास घेतला नाही, तेव्हा राज्याने तो मागे घेतला होता. दिवाळखोरीनंतर, १ ऑक्टोबर २०१३ रोजी, राज्यपाल रिक स्नायडर आणि आणीबाणी व्यवस्थापक यांनी ३० वर्षांच्या भाडेकरारास मान्यता दिली. निर्वाचित नगर परिषदेने तो फेटाळून दहा वर्षांचा पर्यायी करार सुचविला, परंतु राज्याच्या आणीबाणी कर्ज मंडळाने मूळ करारच कायम केला. १० फेब्रुवारी २०१४ पासून बेल आइलचा कारभार राज्य उद्यान म्हणून सुरू झाला. मालकी शहराचीच राहिली, व्यवस्थापन व खर्च राज्याकडे गेला. शहराचा दरवर्षीचा काही दशलक्ष डॉलरचा बोजा हलका झाला.

शहराच्या कलासंग्रहालयाच्या बाबतीतही असाच मार्ग काढण्यात आला. तेथील चित्रे विकण्याऐवजी धर्मादाय संस्था, राज्य शासन व स्वतः संग्रहालय यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम निवृत्तिवेतनासाठी उभी करण्याचे मान्य केले आणि संग्रह स्वतंत्र संस्थेकडे सुपूर्द झाला. डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर पडले.

शुल्काची रचना

नव्या व्यवस्थेत वाहनांसाठी 'मनोरंजन परवाना' आवश्यक झाला. २०१० पासून मिशिगनमध्ये वाहन नोंदणीच्या नूतनीकरणासोबतच हा परवाना घेण्याची सोय आहे. २०१४ मध्ये राज्यातील रहिवाशासाठी त्याचे वार्षिक शुल्क ११ डॉलर होते आणि त्यावर राज्यातील सर्व राज्य उद्यानांत प्रवेश मिळत असे. पायी, सायकलवरून अथवा बसने येणाऱ्यांना शुल्क नव्हते.

या रचनेचे अर्थशास्त्र लक्षणीय आहे. शुल्क प्रत्येक भेटीसाठी नसून वर्षासाठी आहे. त्यामुळे ते एकदा भरल्यानंतर पुढच्या प्रत्येक भेटीची किंमत शून्य राहते आणि सीमान्त खर्चाचे तत्त्व पाळले जाते. शुल्क वाहनावर आहे, व्यक्तीवर नाही. बेटावरील गर्दी व रस्त्यांची झीज मुख्यतः वाहनांमुळेच होत असल्याने ज्याच्यामुळे खर्च वाढतो त्याच्याकडूनच वसुली होते. वसुली वाहन नोंदणीशी जोडल्यामुळे ती करण्याचा खर्चही अल्प राहतो. शिवाय राज्यभरातील वाहनधारकांची रक्कम एकत्र येत असल्याने उपनगरातील उपभोक्त्याचाही हिस्सा जमा होतो. लाभाचे व वित्तपुरवठ्याचे क्षेत्र यांतील तफावत अशा प्रकारे काही अंशी भरून निघाली.

लाभ आणि आक्षेप

पुढील दशकात स्वच्छतागृहे, पदपथ, इमारती व नैसर्गिक वनक्षेत्र यांच्या सुधारणेची कामे झाली. २०२१ मध्ये डच उद्यानरचनाकार पीट औडॉल्फ यांनी आखलेली बाग खुली झाली. भेट देणाऱ्यांची वार्षिक संख्या ४० लाखांच्या पुढे गेली आणि बेल आइल हे मिशिगनमधील सर्वाधिक गर्दीचे राज्य उद्यान ठरले. मोटारशर्यतीसाठी बेटाचा काही भाग दरवर्षी आठवड्यानुआठवडे अडविला जात असे, यावर नागरिकांचा आक्षेप होता. २०२२ च्या स्पर्धेनंतर ही शर्यत शहरातील रस्त्यांवर हलविण्यात आली.

तथापि केवळ या यादीवरून निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. हस्तांतरणाच्या पहिल्या वर्षी बेटावर वाढलेल्या पोलीस बंदोबस्ताविषयी आणि वाहनचालकांच्या अडवणुकीविषयी कृष्णवर्णीय नागरिकांनी तक्रारी केल्या. शुल्क अल्प असले, तरी जी जागा आजवर आपली व विनामूल्य होती तिच्या दाराशी नाका उभा राहिला, ही भावना डॉलरमध्ये मोजता येत नाही. सर्वांत गंभीर आक्षेप प्रक्रियेविषयीचा होता. करार कदाचित योग्य असेल, परंतु तो लोकांनी निवडून दिलेल्या परिषदेने नाकारल्यानंतर नियुक्त अधिकाऱ्याच्या सहीने अमलात आला. चांगला निर्णय आणि अधिकृत निर्णय यांतील हे अंतर कोणत्याही लोकशाहीस विचार करावयास लावणारे आहे. पुढे सल्लागार समितीत राज्यपालांबरोबरच महापौर व नगर परिषद यांचे प्रतिनिधी घेण्यात आले, हे या आक्षेपास मिळालेले अंशतः उत्तर मानता येईल.

भारताच्या संदर्भात

भारतात १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. ती १ जून १९९३ पासून अमलात आली. बाराव्या अनुसूचीतील १२ व्या क्रमांकाचा विषय उद्याने, बागा व मैदाने यांसारख्या नागरी सुविधांचा आहे. म्हणजे विरंगुळ्याची जागा ही पालिकेची घटनेने अपेक्षिलेली जबाबदारी आहे. अडचण पैशाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील पालिकांचा महसूल व खर्च दशकभराहून अधिक काळ स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १ टक्क्यावरच रेंगाळला होता. २०१५ मध्ये ५०० शहरांसाठी सुरू झालेल्या 'अमृत' अभियानात हरित क्षेत्रे व उद्याने यांचा समावेश करण्यात आला, मात्र त्यांच्यासाठीचा हिस्सा २.५ टक्क्यांपर्यंत मर्यादित होता.

पालिकांसाठी दिवाळखोरीची स्वतंत्र कायदेशीर प्रक्रिया आपल्याकडे नाही. पालिका विसर्जित करावयाची झाल्यास अनुच्छेद २४३-यू नुसार तिला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. डेट्रॉइटमधील आणीबाणी व्यवस्थापकाशी तुलना केली असता या तरतुदीचे महत्त्व ध्यानात येते.

सार्वजनिक जागांच्या रक्षणात न्यायसंस्थेनेही स्पष्ट भूमिका घेतली आहे. बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या १९९१ च्या निर्णयात, उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा खासगी रुग्णालयास देणे सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविले. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या बियास नदीकाठच्या प्रकरणात न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. नदी, किनारा, वने यांसारख्या संपत्तीचे शासन हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त असते, हे या तत्त्वाचे सार होय.

विजयवाडा शहरालगत कृष्णा नदीच्या पात्रातील भवानी बेट हे बेल आइलचे भारतातील जवळचे उदाहरण म्हणता येईल. प्रकाशम बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस असलेले हे बेट राज्याच्या पर्यटन यंत्रणेने विकसित केले असून तेथे होडीने जाता येते. कृष्णेच्या महापुराचे पाणी २०१९ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२४ मध्ये या बेटावर शिरले. नदीतील बेट हे आधी नदीचे असते आणि नंतर शहराचे, हा त्याचा बोध आहे. अशा ठिकाणी कायमस्वरूपी बांधकामे जितकी कमी, तितका दुरुस्तीचा आवर्ती खर्च कमी. उद्घाटनासाठी भांडवली निधी मिळतो, पण दरवर्षीच्या देखभालीसाठी मिळत नाही, ही आपल्या अनेक नागरी प्रकल्पांची उणीव येथे तीव्रतेने जाणवते.

समारोप

बेल आइलच्या अनुभवावरून काही निष्कर्ष काढता येतात. मालकी व व्यवस्थापन या वेगळ्या करता येण्याजोग्या बाबी आहेत, त्यामुळे पैसा नाही म्हणून मालमत्ता विकलीच पाहिजे असे नाही. लाभ अनेक पालिकांच्या हद्दीत पसरत असतील, तर खर्चही त्या प्रमाणात विभागला गेला पाहिजे. शुल्क लावावयाचे झाल्यास ते अल्प, वार्षिक व वाहनांवर असावे आणि पायी येणाऱ्यास दार मोकळे असावे. या सर्वांत लोकप्रतिनिधींची संमती ही औपचारिकता समजली जाऊ नये. डेट्रॉइटने १८७९ मध्ये दोन लाख डॉलर देऊन जे विकत घेतले, ते दिवाळखोरीच्या वर्षीही त्याच्या मालकीचे राहिले. भाडेपट्टा संपेल तेव्हा ते बेट परत घेऊन सांभाळण्याइतके शहर समर्थ झालेले असावे, हीच या व्यवस्थेची खरी कसोटी ठरणार आहे.